हातरखेडची ओळ पिवळी का झाली नाही

अन्याय झाला तो हातरखेडच्या कौसल्याबाईंवर. वैशाखातल्या एका सोमवारी सकाळी सव्वादहाला तो सुरू झाला आणि एकोणीस दिवस, रविवार धरून, रोज सव्वादहालाच होत राहिला. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण तो ज्या पडद्यावर झाला त्या पडद्यासमोरच्या खुर्चीत मी बसलेली होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांना बोल लावणार आहे. हिनं स्वतःला बरं वगळलं, असं कोणी म्हणायला नको.

पण हे लिहायला बसले ते सरांसाठी. अमरावतीत राजापेठेत, एका गॅरेजच्या माडीवर, सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. खाली दिवसभर गाड्यांची फुरफुर, वर आम्ही बारा जणं आणि पाच कॉम्प्युटर. सरांचं नाव मी लिहीत नाही. ते म्हणाले असते, "नाव जुनंच हाय, बदललं नाई. मंग काहून लिवतं?"

हा त्यांचा धर्म होता. जे बदललं तेवढंच हलवायचं. बाकीच्याला हात लावायचा नाही.

लोक म्हणायचे डोकं फिरलेलं आहे. क्लासची भिंत त्यांनी कधी पूर्ण रंगवली नाही. जिथं पोपडा निघाला तेवढ्याच जागी चुना. दहा वर्षांत ती भिंत अशी झाली होती की नवीन पोरांना वाटायचं कसला तरी नकाशा आहे. दारावरची पाटीही तशीच. आधी तिथं टायपिंगचा क्लास होता. सरांनी 'टायपिंग' खोडून 'संगणक' लिहिलं आणि 'क्लास' हा शब्द आधीच्या मालकाच्या अक्षरात, आधीच्या रंगात ठेवला. "तो कोठी बदलला?"

सोमवारी तुम्ही त्यांना नमस्कार केलात तर ते हात जोडून, मान झुकवून, घरच्यांची चौकशी करून नमस्कार घ्यायचे. मंगळवारी नुसतं बघायचे. बुधवारी बघायचेही नाहीत. मला पहिल्या आठवड्यात फार राग आला. मी विचारलं, "सर, मी नमस्कार केला."

"कालबी केला होता."

"मग?"

"पोचला ना बेटा तो. अजून तूच हायेस, मीच हाये. परीक्षेत नापास होशीन तवा सांग, तवा नवा सलाम घेईन."

फळ्यावर चूक झाली तर ते बोट ओलं करून तेवढं अक्षर पुसायचे. एकदा एका पोट्ट्यानं एका शब्दासाठी डस्टर फिरवून अख्खा फळा कोरा केला. सर खुर्चीत बसले, डोक्याला हात लावला. "अबे, एका घरचं कौल फुटलं म्हनून तुनं पूरं गाव पाडलं!" त्या दिवशी त्यांनी पुढं शिकवलं नाही.

त्यांची मोठी बहीण पातूरला दिलेली. सर तिला दर शुक्रवारी पत्र टाकायचे. पत्र म्हणजे एक ओळ. 'आपा, छत्री बदलली.' कधी 'आपा, चष्म्याचा नंबर वाढला.' काहीच बदललं नसेल तर कोरं कार्ड, वर नुसता पत्ता. आपा एकदा भांडायलाच आल्या. बुरखा वर करून, जिना चढून धापा टाकत, आम्हा बारा जणांसमोर म्हणाल्या, "मैं मर गयी तो भी एकच लाइन लिखेगा क्या रे तू?"

सर म्हणाले, "हाँ आपा. पर वो लाइन पीली आयेगी."

आपांना ते समजलं नाही; बदललेली ओळ पिवळी करायची हे सर आम्हाला शिकवत, त्यांना ते कुठलं माहीत? त्यांनी डब्यातले मांडे काढून टेबलावर आदळले आणि निघून गेल्या. मांडे मात्र सरांनी आम्हाला सगळे वाटले.

ही ती वर्षं, जेव्हा आमच्या वऱ्हाडाला रोज कोणीतरी बघायला यायचं. दिवा लावलेल्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची, कपाशीच्या शेतात उभं राहून फोटो काढायची, गंभीर व्हायची आणि सर्किट हाऊसवर जेवायची. पेपरवाले रोज तेच छापायचे. सर सकाळी पेपर घेऊन बसायचे तो लाल पेन्सिल घेऊनच. काल आलेलं जे जे पुन्हा आलं, ते ते खोडायचं. पहिलं पान संपेपर्यंत मोजके शब्द उरायचे. "पाह्य," ते मला दाखवायचे, "मंत्र्याचं नाव तेवढं नवं हाय. वाक्य मागच्याचंच."

त्या गाड्यांमधल्या लोकांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून जिल्ह्यातल्या एका कचेरीनं टँकरचा तक्ता काढला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावतीकडून अकोल्याकडे जाताना जो खारपाणपट्टा लागतो, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. पिणाऱ्याच्या किडन्या जातात हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून टँकर. तक्ता इंटरनेटवर. डावीकडे गाव, मधे टँकर आला का, उजवीकडे वेळ. गावातून कोणीतरी एकानं, कुठं कोतवाल, कुठं अंगणवाडीची बाई, सकाळी मोबाइलवरून एक ओळ पाठवायची. ती आपोआप तक्त्यात बसायची.

मला त्या कचेरीत खुर्ची मिळाली. काम एवढंच: तक्ता बघायचा आणि साहेबांना सांगायचं.

पण तक्ता दिसायचाच नाही. मिनिटाला एकदा तो सगळाच्या सगळा पुसला जायचा आणि सगळाच्या सगळा नव्यानं यायचा. आमची इंटरनेटची तार अशी की शंभरएक गावं उतरायला दोन मिनिटं लागायची. म्हणजे पान अर्ध्यावर आलं की पुन्हा पांढरं. एखाद्या दिवशी तार बरी असली तर साहेब खाली सरकत सरकत 'द'पर्यंत जायचे, आणि पान उडी मारून पुन्हा 'अ'वर. जिल्ह्यातली 'अ'ची गावं त्या काळात फार सुखी होती. 'ह'चं गाव साहेबांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मी सरांना सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी कचेरीत आले, उभ्या उभ्या ते पान बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा तो फळा पुसल्यावर झाला होता.

"एका टँकरसाठी शंभर गावं पुसून राहिले हे लोक!"

तीन दिवस ते माझ्या शेजारी बसले. नंतर ते पान हलायचं थांबलं. आता तिकडून अख्खा तक्ता यायचाच नाही. आलेली ओळ आणि असलेली ओळ सरांची युक्ती शब्दाला शब्द लावून बघायची. सारखी असेल तर सोडून द्यायची. वेगळी असेल तर तेवढीच ओळ बदलायची, वेळ टाकायची आणि ती ओळ पाच मिनिटं पिवळी करायची. हळदीसारखी पिवळी.

साहेब खूश झाले. जिल्ह्यात पहिल्यांदा पान शांत उभं होतं. त्यांनी हुकूम काढला, लेखी: पिवळं दिसलं की कळवावे. हुकमात हे नव्हतं की पिवळं नसेल तर बघू नये. पण हुकूम कसे वाचतात हे ज्यांनी कचेरीत दिवस काढले त्यांना माहीत आहे. मोठे बाबू मला म्हणाले, "पोरी, बाकीच्या ओळींकडे पाहून डोळे कशाला खराब करतेस?"

आता तो सोमवार. हातरखेडच्या अंगणवाडी सेविका कौसल्याबाई यांनी सकाळी ओळ पाठवली: 'पाणी आले नाही.' आदल्या दिवशीची ओळ होती 'पाणी आले'. बदल झाला. ओळ पिवळी झाली. मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी टँकरवाल्याला फोन केला, टँकरवाला म्हणाला, "निघालाच जी." पाच मिनिटांनी ओळ पांढरी झाली.

टँकर निघाला नव्हता. मंगळवारी बाईंनी ओळ पाठवली: 'पाणी आले नाही.' सरांच्या युक्तीनं शब्दाला शब्द लावला. सारखा. सोडून दिला. बुधवारी सारखा. गुरुवारी सारखा. ज्या गावात रोज पाणी नव्हतं त्या गावात काहीच बदलत नव्हतं, आणि जिथं काही बदलत नव्हतं तिथं आमचं यंत्र बघत नव्हतं. ज्या गावचा टँकर एक दिवसाआड यायचा ते रोज पिवळं. साहेबांचे फोन त्याच गावांना. एकदम मेलेल्या ओळीला त्या सोमवारनंतर कोणी हाक मारली नाही. मीही नाही. मी पिवळं बघत होते.

विसाव्या दिवशी कौसल्याबाई कचेरीत आल्या. हातात पाण्याची बाटली, नऊवारीचा काष्टा धुळीनं भरलेला. मोठ्या बाबूंनी तक्ता उघडून त्यांनाच दाखवला. "तुमची ओळ पिवळी झाली नाही बाई. आम्हाला कळणार कसं? पिवळं करणारे सर राजापेठेत बसतात, त्यांना विचारा."

माझी मान वर होत नव्हती, पण पाय उठले. मी बाईंना घेऊन राजापेठेत गेले.

जिना चढून त्या थेट सरांसमोर उभ्या राहिल्या.

"तुमीच का जी ते पिवळं करनारे?"

"मीच."

"मंग आमाले काहून नाई केलं?"

सरांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर अभिमानच होता. "तुमची ओळ बदललीच नाई बाई. रोज तेच शब्द हायेत. यंत्र बराबर चाललं."

"बराबर?" बाई म्हणाल्या. "पानी येतच नाई त ओळ बदलन कशी? रोज तेच झालं, रोज तेच लिवलं. खोटं लिवू का?"

सरांनी कॉम्प्युटरवरचा हात काढून घेतला.

"आमच्या मालकाले डॉक्टरनं खारं पानी बंद सांगतलं हाय. एकोनीस दिवस त्यायनं तेच पेलं. पाय सुजून असे झाले." बाईंनी दोन्ही हातांनी आकार दाखवला. मग बाटली टेबलावर ठेवली. "तुमी लय शिकेल मानसं हा. चा करा याचा. मीबी पेतो, तुमीबी प्या."

सरांनी स्टोव्ह पेटवला. त्या बाटलीतलंच पाणी घेतलं. चहा उकळला, दूध घातलं, आणि दूध फाटलं. पांढऱ्या गाठी वर आल्या. सरांनी तो तसाच गाळून तीन कपांत ओतला. बाईंनी एक घोट घेऊन कप ठेवला. मी तोंडाला लावून ठेवला. सरांनी पूर्ण प्यायला, हळूहळू, औषधासारखा. मग ते म्हणाले, "बाई, उद्यापासून शब्द बदला. गोष्ट तीच, शब्द नवे."

तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला. अजिबात नाही. आपलं यंत्र चुकलं असं त्यांना अजून वाटत नव्हतं. त्यांनी बाईंना बदलायला सांगितलं, यंत्राला नाही. असा होता तो माणूस, आणि हे मी लपवणार नाही.

पण हातरखेडच्या बायांनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून त्या नवी ओळ जुळवायच्या. दुसऱ्या दिवशी आलं: 'आजही पाणी नाही.' तिसऱ्या दिवशी: 'टँकरचं तोंड पाहिलं नाही, कोणाला दिसल्यास कळवा.' मग धीर चेपला. 'विहिरीत मीठ आहे, डाळीत घालावं लागत नाही.' 'नवरीला हळद लावली, धुवायला पाणी नाही, पिवळीच सासरी धाडतो.' 'पाहुणे आले, पाणी नाही म्हणून नुसत्या गप्पांवर पाठवले.'

रोज सव्वादहाला ओळ पिवळी. आणि कचेरीत काय झालं? गर्दी झाली. दहाला बाबू लोक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायला लागले. "आली का हातरखेडची?" साहेब स्वतः यायचे. वाचायचे, हसायचे. "काय लिहिते हो बाई!" म्हणायचे. एकानं त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. कोणीतरी सुचवलं की कचेरीच्या स्नेहसंमेलनात या बाईंचा सत्कार करावा. साहेब म्हणाले, जरूर, नाव लिहून ठेवा.

टँकरचं नाव कोणी काढलं नाही. टँकरवाल्याला फोन व्हायचा, तो म्हणायचा "निघालाच जी", आणि सगळे उद्याच्या ओळीची वाट बघायचे.

मग दिल्लीहून एक पथक आलं; ते येणार हे पेपरात आधीच छापून आलं होतं. सभागृहात पडदा लावला, त्यावर हा तक्ता. पान कसं शांत उभं राहतं, बदललं तेवढंच कसं हलतं, हे साहेब काठीनं दाखवत होते. सर मागच्या रांगेत बसले होते. सव्वादहा वाजले. खालून तिसरी ओळ हळदीसारखी पिवळी झाली. हातभर अक्षरात:

'दिल्लीचे पाहुणे आंघोळ करून आले असतील. त्यांना आमचा रामराम. आम्ही नाही केली.'

पथकातल्या एका बाईंनी शेजाऱ्याला विचारलं, काय लिहिलंय? शेजाऱ्यानं हिंदीत सांगितलं. सभागृहात कोणी हसलं नाही. कधी नव्हे ते.

त्याच दुपारी हातरखेडला टँकर पोचला. एक नाही, दोन.

मला वाटलं आपण जिंकलो. मी राजापेठेत पेढे घेऊन गेले. सर पेढ्याकडं बघतच नव्हते. ते म्हणाले, "एक बाई कविता करू शकली म्हनून पानी आलं. बाकीच्या गावात कविता करनारं कोनी नसन त?" त्यांनी तक्ता उघडला आणि तक्त्याच्या न हलणाऱ्या ओळींवरून बोट फिरवायला लागले. या ओळी आम्ही कधी वाचल्याच नव्हत्या. 'पाणी नाही.' 'पाणी नाही.' 'पाणी नाही.' सोळा गावं होती. शांत, पांढरी.

"इतके दिवस मले वाटे," सर म्हणाले, "न बदललेली ओळ म्हंजे बरी ओळ. तिले तरास देऊ नये."

त्या माणसाला चूक कबूल करताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. एकाच बैठकीत त्यांनी तक्त्याला नवा रकाना जोडला: 'किती दिवस तसंच आहे.' पाणी नाही म्हणणारी ओळ जितके दिवस तशीच राहील तितकी ती लाल होत जायची, आणि जितकी लाल तितकी वर चढायची. एक शब्दही बदलावा लागत नव्हता. तेच लिहा, रोज लिहा, यंत्र मोजेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तक्ता उघडला. वरच्या सोळा ओळी विटकरी लाल. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"जे बदललं नाही ते, साहेब," मी म्हटलं.

"हे कोणी मागितलं होतं?"

दोन दिवसांत तो रकाना काढला गेला. आठवड्यात तक्त्याचं कामच सरांकडून काढून बाहेरगावच्या एका कंपनीला दिलं. तिनं नवा तक्ता बनवला. फार सुंदर. वर फिरणारं चाक, खाली वाहणारी पट्टी. गावांनी काय लिहायचं तेही ठरवून टाकलं: 'होय' किंवा 'कार्यवाही सुरू'. 'नाही' हा शब्दच ठेवला नाही. आणि तो तक्ता मिनिटाला एकदा अख्खा पुसून अख्खा पुन्हा येतो. प्रत्येक गावापुढे, ओळ हलली असो नसो, आत्ताची वेळ. सगळं ताजं. सगळं चालू. आता सोळा गावं कुठली, हे साहेबांनी ठरवलं तरी त्यांना सापडणार नाहीत.

मी खुर्ची सोडली आणि गावोगाव पाण्याच्या मागणीची पत्रकं वाटायला लागले. सरांनी क्लास चालू ठेवला. भिंतीवरचा चुना वाढत गेला. आम्ही भेटलो की ते बोलायचे नाहीत, फक्त एकदा विचारलं, "हातरखेड?" मी सांगितलं की दिल्लीवाले गेल्यावर टँकर बारा दिवस आला, मग बंद झाला, आणि कौसल्याबाईंच्या मालकांना आठवड्यातून दोनदा एसटीनं अकोल्याला नेऊन त्यांचं रक्त मशीनवर धुवावं लागतं. सरांनी बोट ओलं करून फळ्यावरचं एक अक्षर पुसलं. "तक्त्यावर काय दिसते?"

"कार्यवाही सुरू. आत्ताची वेळ."

सरांना जाऊन आता काही काळ झाला. पातूरला आपांना ती एक ओळ मीच लिहिली.

म्हणून वाचणाऱ्या, तुला विनंती करत नाही, सांगते. तुझ्या तालुक्याचा तक्ता उघड. टँकरचा असो, रेशनचा, दवाखान्याचा. जवळच्या एका गावाची ओळ कागदावर उतरव, वेळेसकट. मग त्या गावात जा. पाणी आलं का ते तक्त्याला नाही, पाणी भरणाऱ्या बाईला विचार. ती जे सांगेल ते त्याच कागदावर, तिच्याच शब्दांत लिही. शब्द रोज तेच असतील तर रोज तेच लिही. खाली तिची सही किंवा अंगठा घे, आपली सही कर, आणि कागद घेऊन कचेरीत जा. साहेब म्हणतील ठेवून जा. ठेवू नकोस. शिक्का मारून पोच द्या म्हण, आणि पोच हातात पडेपर्यंत साहेबांसमोरच्या खुर्चीवरून उठू नकोस.